31 प्रकरणं आणि एक रिकामी बादली

बाई, नमस्कार.

मी बेळगाव-वडगावची. वय 24, बी.कॉम. झालंय, एका ऑफिसात हिशेब बघते. घरी चार माग होते, आता दोन आहेत. चार वर्षांपूर्वी एक मराठी मालिका संपली. त्यातल्या धाकट्या भावावर माझा भारी जीव. मालिकाभर तो नुसता हसत 'हो दादा, हो दादा' करत राहिला, त्याची म्हणून गोष्ट कुणी सांगितलीच नाही. म्हणून मी लिहायला लागले. दुसऱ्याची पात्रं घेऊन आपली गोष्ट लिहायची, याला फॅन फिक्शन म्हणतात. आत्तापर्यंत 31 प्रकरणं झाली. त्यात धाकट्याचा अपघात झाला, नोकरी गेली, खोट्या आरोपात तुरुंग झाला, आई वारली, बायको सोडून गेली. बाविसाव्या प्रकरणात त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला. वाचणाऱ्या मुली रडतात, मला तसं कळवतात. पण गेल्या आठवड्यात एकीनं लिहिलं, 'ताई, अजून किती छळणार? एवढं होऊन तो पहिल्या प्रकरणात होता तस्साच आहे की!' त्या रात्री मला झोप नाही. खरं सांगू का? त्याला त्रास द्यायला मला आवडतं. माझ्यात काही खोट आहे का? आणि दुःखातून माणूस मोठा होतो म्हणतात, मग माझाच का होत नाही?

– वडगावची छळवादी

ता. क. तुम्ही विचाराल, स्वतःला दुःखाचा अनुभव आहे का म्हणून. फारसा नाही. 2019 च्या पावसात घरात पाणी शिरलं होतं, तेवढंच. पाणी ओसरल्यावर पप्पांनी मागाच्या मोटारी नंतर बघितल्या, आधी जकार्डचे, म्हणजे ज्यांच्या भोकांवरून कापडाची नक्षी विणली जाते ते, भिजलेले पुठ्ठे घरभर दोऱ्या बांधून नंबरवार वाळत घातले. अजून रात्री पाऊस लागला की उठून खालचं सगळं वर ठेवतात, रिकामी बादलीसुद्धा. पण त्यात गोष्ट अशी काही नाही.

* * *

छळवादी,

सही तशी केलीस म्हणून तीच हाक मारते. पत्र दोनदा वाचलं आणि ताजा कलम चारदा. त्या ताज्या कलमाकडं मी उशिरा येणार आहे, कारण आधी आलं तर तू तिथंच लिहायला बसशील आणि बाकीचं वाचायचं राहील.

खोट आहे का नाही, हा प्रश्न पहिल्यांदा निकालात काढू. आमचं गाव खानापूर तालुक्यातलं, भाताचं. श्रावणात देवळात कीर्तन असायचं. कुठलं आख्यान आहे ते आजी सकाळीच चौकशी करून ठेवायची, आणि हरिश्चंद्र असला की जाताना पदराशिवाय एक जुनेर सोबत घ्यायची. डोळे पुसायला. पदर भिजलेला तिला चालत नसे. म्हणजे रडायची तयारी करूनच ती घरातून निघायची. आख्यान तिला बुवांपेक्षा जास्त पाठ होतं, तरी ठरल्या जागी ठरल्यासारखी ढसाढसा रडायची आणि दुसऱ्या दिवशी भांगलणीला सगळ्यांच्या पुढं, गाणी म्हणत. आवडत्या माणसाचे हाल बघून सुखावणं ही जर खोट असेल तर ती आमच्या देवळातल्या सगळ्या सतरंजीवर बसलेली असायची. तेव्हा ते सोड.

पण आजी नेमकी कुठं रडायची, ते बघ. राज्य जातं तिथं नाही. बायको-मुलगा विकतो तिथंही फारशी नाही. रोहिदासाला साप चावतो तिथं नुसतं 'अगो बाई' म्हणायची. जुनेर बाहेर यायचं ते तारामती मुलाचं प्रेत घेऊन मसणात येते आणि तिथं डोंबाचा चाकर होऊन उभा असलेला तिचा नवरा, तिला ओळखल्यावरसुद्धा, 'मसणाचा कर दे' म्हणतो, तिथं. साप कुणालाही चावतो. कर मागणं मात्र हरिश्चंद्रानंच करावं.

आता आख्यानाच्या शेवटी हरिश्चंद्र काय शिकतो? काही नाही. पहिल्या दिवशी जेवढा सत्यवचनी तेवढाच शेवटच्या. त्याला छळलं ते तो बदलावा म्हणून नव्हेच, तो बदलत नाही हे देवांना दिसावं म्हणून. आपल्या भाषेत याला चोख शब्द आहे, सत्त्वपरीक्षा. ती गोष्ट वेगळी आणि माणूस घडण्याची गोष्ट वेगळी. तू 31 प्रकरणं सत्त्वपरीक्षा घेत बसलीस आणि वाट बघायलीस की आता हा मोठा होईल, मग होईल. तुझ्या त्या वाचक मुलीनं तेवढंच बोट ठेवलंय. हुशार आहे, तिला जप.

तू पाठवलेली पाच प्रकरणं मी भाच्याकडून छापून घेतली. फोनवर वाचायला माझे डोळे राहिले नाहीत आता, आणि हातात लाल पेन नसलं की मला वाचल्यासारखं वाटत नाही. 30 वर्षं विभक्ती शिकवली त्याचा परिणाम. तेराव्या प्रकरणात मी 'त्याला' हा शब्द मोजला. 46 वेळा. त्याला धडक बसली, त्याला काढून टाकलं, त्याला धरून नेलं, त्याला कळेना, त्याला रडू आलं. मग 'त्यानं' मोजला. पाच वेळा, आणि त्यातले तीन 'त्यानं डोळे पुसले'. राहिलेल्या दोनांत एकदा मान डोलावली आणि एकदा दार लावून घेतलं.

पाचही प्रकरणांत मला एकच ठिकाण असं सापडलं जिथं त्यानं स्वतः होऊन काही ठरवलं आणि केलं. ते म्हणजे बाविसावं प्रकरण. एवढ्या मोठ्या गोष्टीत या पोराच्या वाट्याला तू एकच निर्णय दिलास, तो मरायचा. तुला हे जाणवलं होतं का?

दुःखानं माणूस घडत नाही ग. दुःख आल्यावर तो जे करतो, आणि ते केल्याचे जे परिणाम भोगतो, त्यानं घडतो. ट्रक अंगावर येणं ही बातमी झाली. दवाखान्यात पडल्या पडल्या त्यानं बायकोला खरं सांगितलं का लपवलं, तिथून तुझं काम सुरू.

या कामात तू एकटी नाहीस, हे सांगायला आपल्याच जिल्ह्यातला माणूस आठवला. अण्णासाहेब किर्लोस्कर. 1843 साली गुर्लहोसूरला जन्मले. 1880 साली पुण्यात त्यांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं आणि मराठी संगीत नाटकाची गाडी सुरू झाली. ते शाकुंतल त्यांनी घेतलं कालिदासाकडून. आणि कालिदासानं ती गोष्ट घेतली महाभारतातून. दुसऱ्याची पात्रं घेऊन आपली गोष्ट सांगायची, हीच तुझी व्याख्या ना? मग हे सगळे तुझ्याच जातीचे.

आता कालिदासानं काय बदललं ते बघ, कारण त्यात तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. महाभारतातला दुष्यंत शकुंतलेला विसरलेला नाही. ती मुलाला घेऊन दरबारात येते, हा ओळख असूनसुद्धा सरळ नाही म्हणतो. मग आकाशवाणी होते, आणि हा म्हणतो, मला माहीत होतं, पण नुसत्या तुझ्या शब्दावर स्वीकारलं असतं तर लोकांनी शंका घेतली असती. बोललेलं खपून गेलं, राजाला काही भोगावं लागलं नाही. सगळा त्रास एकट्या शकुंतलेला.

कालिदासाला हे पटलेलं दिसत नाही. त्यानं दुर्वासाचा शाप आणला, अंगठी आणली. शकुंतला दुष्यंताच्या विचारात हरवून बसलेली असते, दारात आलेल्या अतिथीकडं तिचं लक्ष जात नाही, म्हणून शाप, की ज्याच्या विचारात आहेस तोच तुला विसरेल. म्हणजे बघ, संकट बाहेरून आलं तरी त्याचं दार तिच्या स्वभावातून उघडलं. ती कमी प्रेमात असती तर शाप मिळाला नसता. तुझा ट्रक असा येत नाही. तो कुणाच्याही अंगावर आला असता.

पण मला जास्त आवडतो सहावा अंक. कोळ्याला माशाच्या पोटात अंगठी सापडलेली असते, राजाला सगळं आठवलेलं असतं. वसंताचा उत्सव त्यानं बंद करवलेला, तिचं चित्र काढत, त्या चित्रातल्या भुंग्यावर ओरडत बसलेला. इथपर्यंत तुझा धाकटा आणि दुष्यंत एकाच सतरंजीवर आहेत. आणि मग मधेच कामाचा एक कागद येतो. धनमित्र नावाचा समुद्रावर व्यापार करणारा सावकार जहाज फुटून मेला. मूल नाही. कायद्यानं सगळी संपत्ती राजाच्या खजिन्यात जमा. अमात्यानं नुसतं कळवलेलं असतं, काही विचारलेलंही नसतं. राजा थांबतो. म्हणतो, एवढा श्रीमंत म्हणजे बायका अनेक असतील, त्यांतली कुणी गरोदर आहे का बघा. एक निघते. मग पोटातल्या बाळाला बापाची संपत्ती, असा निवाडा. आणि तेवढ्यावर न थांबता दवंडी पिटवतो की राज्यात ज्याचं जे जिवलग माणूस जाईल, त्याच्या जागी राजा आहे असं समजा.

ज्या माणसानं स्वतःच्या गरोदर बायकोला भर दरबारातून घालवली, तोच माणूस आता कुठल्या परक्या बाईच्या पोटात बाळ आहे का ते शोधायला लावतो. कुणी त्याला सांगितलेलं नाही. तो स्वतःही म्हणत नाही की 'मी आता बदललो'. त्याच्या हातून महसुलाचा एक कागद वेगळ्या प्रकारे निकालात निघाला, बास. हिशेबाच्या ऑफिसात काम करतेस ना तू? तुला तरी हे भावायला पाहिजे.

आता तुझ्या धाकट्याकडं. मालिका मी बघितलेली नाही, पण तुझ्या पत्रातल्या एका वाक्यात मला तो दिसला. 'हो दादा, हो दादा.' त्याला नाही म्हणता येत नाही. हेच त्याचं गोडपण आणि हीच त्याची खोड. फॅन फिक्शनमध्ये एक मोठी सोय आहे, वाचणाऱ्याला माणूस आधीच माहीत असतो, ओळख करून द्यायचे कष्ट नाहीत. पण त्याच सोयीची दुसरी बाजू अशी की तू त्याला भलतंच काही करायला लावलंस तर मुली म्हणतील, हा आमचा धाकटा नव्हेच. तेव्हा त्रास त्या खोडीतूनच येऊ दे, आणि बदलही तिथंच.

तुरुंग काढून टाक. त्याच्या जागी धाकट्याला दादाच्या सोसायटीच्या कर्जाला जामीन राहायला लाव. आपल्याकडं गल्लीला एक सोसायटी आहे, तुला काय सांगायचं. दादा संध्याकाळी चहाच्या वेळी कागद पुढं करतो, 'नुसती सही रे'. हा वाचत नाही. 'हो दादा.' वर्षभरानं दादाचे हप्ते थकतात आणि याच्या पगारातून कापायला लागतात. त्यात बहिणीच्या नर्सिंगची फी राहते. ती काही बोलत नाही, एका दुकानात कामाला लागते. आता त्रास झाला तो त्याच्या सहीनं, आणि भोगते कोण तर बहीण. इथं त्याला पळवाट नाही. ट्रकवाल्याला शिव्या देता येतात, स्वतःच्या सहीला काय देणार?

मग पाच-सहा प्रकरणांनंतर पुन्हा कुणीतरी कागद पुढं करू दे. दादा नको, तो सोपा होईल, आता दादाचा राग आहेच. एखादा खरोखर गरजू मित्र असू दे, ज्याला नाही म्हणणं अवघड आहे, कदाचित चूकही आहे. धाकट्याच्या हातात पेन आहे, चहा निवत चाललाय. तो पहिल्यांदा कागद वाचायला लागतो. मित्राला त्याचाच अपमान वाटतो. या एका बैठकीला तू अख्खं प्रकरण दे. आणि त्यानं नाही म्हटलं तर मित्र जाऊ दे, परत आणू नकोस. शहाणपण आलं आणि खिशातून काही गेलं नाही, असं फक्त भाषणात होतं.

दुःखानं माणूस चांगलाच होतो, हेही डोक्यातून काढ. हे आपण सांत्वनाला बोलतो, लिहिताना उपयोगाचं नाही. आमच्या नात्यात एक काकू होत्या, हात सढळ, त्यांच्या घरी गेलं की मुठीनं शेंगदाणे मिळायचे. काका गेले तेव्हा मी सातवीत असेन. वर्षभरात काकू साखरेचे चमचे मोजायला लागल्या. लोणच्याच्या बरणीला फडकं बांधून त्यावर गाठ कशी मारलीय ते लक्षात ठेवायच्या, कुणी सोडली का कळावं म्हणून. आम्ही पोरं हसायचो. त्याच काकू, पुढं गल्लीत एक पोर तिशीच्या आत विधवा झाली तेव्हा, घरच्यांच्या आधी तिथं जाऊन बसल्या आणि तिचे दागिने कुणाच्या ताब्यात जातायत त्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवलं. साखर मोजणारी आणि दागिने राखणारी बाई एकच. एका दुःखातून दोन्ही निघालं. तुझा धाकटा नाही म्हणायला शिकेल तेव्हा काही दिवस तो सगळ्यांनाच नाही म्हणेल, बहिणीलाही, उगीच, तुसडेपणानं. त्याला तसं वागू दे. तुझ्या वाचक मुली रुसल्या तर रुसू देत.

आता सांत्वनाचं. या प्रकारच्या गोष्टींना म्हणे हर्ट-कम्फर्ट म्हणतात, आधी जखम मग फुंकर. मला नाव नवीन, माल ओळखीचा. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'चा तिसरा अंक अख्खा तेच आहे. राम पंचवटीत परत येतो, जुन्या जागा बघून बेशुद्ध पडतो. सीता तिथंच आहे पण वरामुळं कुणाला दिसत नाही. ती हात लावते, तो शुद्धीवर येतो, स्पर्श ओळखतो आणि समोर कुणी नाही. बाराशेच्या वर वर्षं झाली, अजून अंगावर काटा येतो. पण यातली ग्यानबाची मेख बघ. बरं नुसतं रामाला वाटत नाही. यज्ञात पत्नीच्या जागी आपली सोन्याची मूर्ती बसवलीय, दुसरी बायको केली नाही, हे सीतेला तिथं कळतं, आणि टाकल्याचं जे शल्य तिच्या मनात होतं ते निघतं. फुंकर घालणारीचंही काहीतरी होतं.

तुझ्या गोष्टीत काय होतं? बालमैत्रीण येते, मिठी मारते, 'मी आहे ना' म्हणते. पाचांतल्या चार प्रकरणांत हेच. ती कोण आहे, तिला दुसरी कामं नाहीत का, तिची रजा कोण मांडतंय? आणि आपल्याकडं लोक असं सांत्वन करतात होय? आपल्याकडं कुणी गेलं की शेजारची येऊन चूल पेटवायच्या आधी डबा ठेवून जाते आणि काहीच बोलत नाही. एखादी बोलते ती नको तेच बोलते. समोरचे कानडी अण्णा दारातूनच 'होगली बिड्री', जाऊ दे, सोडा, म्हणतात आणि त्या दोन शब्दांनी कधी बरं वाटतं, कधी डोकं फिरतं. हे लिही. आणि डबा. आईच्या दिवसांत आलेले डबे धाकटा धुवून परत देतोय, रिकामे. आई असताना आपल्या घरातून रिकामा डबा कधी गेला नाही, चिमूटभर साखर तरी असायची. मग एक दिवस तो डबा घेऊन निघतो, दारातून परत येतो, साखरेचा डबा शोधतो. तो कुठं ठेवलाय ते त्याला माहीत नसतं. तेवढंच लिही, 'तो सावरला' असं लिहू नकोस.

काही किरकोळ गोष्टी भराभर सांगते. चौदाव्या प्रकरणात मांडीचं हाड मोडलेला माणूस पंधराव्यात बुलेटला किक मारतो. मांडीचं हाड जुळायला तीन ते सहा महिने लागतात, आणि त्या महिन्यांत संडासला जायला दुसऱ्याचा खांदा लागतो. ज्याला कधी कुणाला त्रास द्यायचा नसतो त्या 'हो दादा'वाल्याला दिवसातून दोनदा खांदा मागावा लागणं, यात अपघातापेक्षा जास्त गोष्ट आहे. ती तू वगळून किक मारलीस.

आणि बाविसावं प्रकरण. इथं मी बाई म्हणून बोलते, समीक्षक म्हणून नव्हे. त्यानं काय घेतलं, किती घेतलं, कुठून आणलं, हे सगळं काढून टाक. आजच. गोष्टीला त्याची गरज नाही आणि वाचणाऱ्यांत कोण कुठल्या रात्रीत बसलंय तुला माहीत नाही. सुरुवातीलाच काय येणार आहे ते एका ओळीत सांग. तुझ्या या फॅन फिक्शनच्या जगातला तो मोठा साठा, आर्काइव्ह ऑफ अवर ओन, 2009 पासून चालू आहे, तिथंही लिहिणाऱ्याला हिंसा, बलात्कार, मुख्य पात्राचा मृत्यू अशा गोष्टींची सूचना आधी निवडावी लागते, नाहीतर सूचना देत नाही एवढं तरी सांगावं लागतं. रहस्य फुटतं म्हणून कुरकुर करू नकोस. आजीला आख्यान आधी माहीत होतं म्हणून ती कमी रडली का? आणि त्या ओळीखाली टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर टाक, फोनला पैसे पडत नाहीत.

तू पत्रात विचारलं नाहीस पण पानांवर दिसलं, म्हणून सांगते. तुझा धाकटा पुण्याचं बोलतो, ते ठीक, मालिकेत तो तसाच होता. पण आजूबाजूची नवी माणसं तुझी आहेत ना? भाजीवाली, सोसायटीतला क्लार्क, ती बालमैत्रीण, सगळी सदाशिव पेठेत जन्मल्यासारखी बोलतात. कशाला? एकोणिसाव्या प्रकरणात तुझ्या हातून निसटून एक वाक्य पडलंय, 'कुठं जायलास रे एवढ्या उन्हाचा, बस की जरा.' त्या वाक्याशी मी पहिल्यांदा पानावरून डोळे वर केले. धाकट्याची बदली बेळगावला कर आणि अशा माणसांत आणून सोड, बावचळू दे की त्याला जरा.

फक्त आणलास तर सीमाभागाचं दुःख त्याच्या खांद्यावर टाकू नकोस. कडोली, येळ्ळूर, उचगाव, आपली संमेलनं मी वर्षानुवर्षं ऐकत आले, कविसंमेलनाला पहिल्या रांगेत बसते. 1956 पासूनचं दुःख खरं आहे, माझ्या घरानंही भोगलंय. पण इतकी वर्षं सांगून सांगून ते आपल्याला पाठ झालंय, आणि पाठ झालेल्या कवितेत वाहणारं रक्त मला आता दिसत नाही, यमक दिसतं. हे बोलल्याबद्दल माझ्यावर रागावणारे असतील, रागावू देत. एखाद्या कवीनं कधी तरी दोन भाषांत दोनदा भरलेला एखादा साधा अर्ज दाखवला तर मी उठून टाळी देईन.

आता ताजा कलम.

'त्यात गोष्ट अशी काही नाही' म्हणतेस. गुडघाभर चिखलात उभा असलेला माणूस, दोन माग गेलेले, आणि तो पहिल्यांदा काय वाचवतो तर पुठ्ठे. मोटार विकत मिळते, डिझाईन नाही मिळत, असा हिशेब त्यानं त्या क्षणी केला असेल का? का नुसताच हाताला जे लागलं ते करत सुटला? मला माहीत नाही, तुलाही माहीत नसावं, आणि म्हणूनच मी ते चारदा वाचलं. आणि रिकामी बादली. भरलेला डबा, पुस्तकं, सुताचे बॉबिन वर ठेवणं म्हणजे काळजी. रिकामी प्लास्टिकची बादली वर ठेवणं, जी पाण्यात नुसती तरंगली असती, ते दुःख. मी वाचलेल्या पाच प्रकरणांत धाकट्याच्या अंगावर असा एकही वण नाही. तुरुंगातून आला आणि दुसऱ्या दिवशी दार लावून शांत झोपला!

ते जसंच्या तसं उचलून धाकट्याला देऊ नकोस. ती पप्पांची रात्र आहे, ते तुझं लिखाण वाचोत न वाचोत. पण माणसाचं दुःख असं, भलत्याच वस्तूवर, कारण संपल्यावरही बसून राहतं, एवढं तू घरात रोज बघतेयस, तेवढं वापर. सही करून फसलेला धाकटा पुढं किराणाच्या बिलावर सही करतानासुद्धा तारीख घालेल, दोनदा घडी उलगडून बघेल, आणि दुकानदार हसेल. बहिणीला हसू येणार नाही.

सगळी 31 प्रकरणं पुसू नकोस, वाचणाऱ्या मुलींचा जीव त्यात आहे. बत्तिसाव्यापासून सुरू कर. आधी एक वहीचं पान घे आणि पूर्ण प्रकरणात 'त्यानं' काय काय केलं तेवढंच लिहून काढ. तीन गोष्टी आल्या तरी पुरे, पण त्यात डोळे पुसणं धरायचं नाही.

आणि एकदा पप्पांना विचार, ते पुठ्ठे वाळायला किती दिवस लागले, आणि त्यातले किती पुन्हा मागावर चढले. मलाही कळव.

– बाई